“त्याने तिला पकडलंय ना गं?”

मला आलेलं पत्र असं आहे:

“मी बेचाळीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. गेली तीन वर्षं रोज पहाटे उठून कादंबरी लिहिते आहे. काळ 1943, जागा जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस. नायिका यमुना, बडोद्याच्या एका मराठी गवयाची मुलगी. इंग्रजांच्या हेरखात्याने तिला फ्रेंच शिवणकामवालीच्या वेषात पॅरिसला पाठवलंय. खिडकीपाशी शिवणयंत्र, पलंगाखाली बिनतारी यंत्र. कार्ल हा गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, मेजर तिचा माग काढतोय. तिला पाहण्याआधीच तो तिच्या मोर्सच्या हातावरून, म्हणजे ठिपके-रेघांचे संदेश ठोकण्याच्या ढबीवरून, तिला ओळखू लागतो. चौदाव्या प्रकरणात तो तिला पकडतो, कोठडीत तिला ब्लँकेट आणून देतो. सोळाव्यात ती त्याला प्रेमाची कबुली देते आणि सतराव्यात तो तिला स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत सुखरूप पोचवतो. हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘त्याने तिला पकडलंय ना गं? मग ती हो म्हणते ते खरं कशावरून?’ तेव्हापासून दोन महिने झाले, माझी एक ओळ लिहून झालेली नाही. मैत्रिणी म्हणतात, प्रेमकथा आहे, एवढा विचार करू नकोस. मसुदा सोबत पाठवते आहे. मी काय करू?”

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या कादंबरीला आजवर मिळालेला सगळ्यात चांगला अभिप्राय त्यांचा आहे. मैत्रिणींचं ऐकू नका. हात थांबला ते बरंच झालं, कारण थांबला तो योग्य जागी.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. न पाहिलेल्या बाईला तिच्या मोर्सच्या हातावरून ओळखणं ही कल्पना खरी आहे. माझे एक मामा रेल्वेत तारमास्तर होते. कट्ट-कडकट्ट सुरू झालं की मान वर न करता ते सांगायचे, “आज मिरजेला अमका बसलाय, आणि त्याला बरं नाहीये.” अक्षराला वळण असतं तसं मोर्सलाही असतं. कुणाची रेघ लांब, कुणाचा ठिपका तुटका, कुणी विशिष्ट अक्षरानंतर किंचित दम खातो. युद्धात दोन्ही बाजूंचे ऐकणारे लोक अशाच खुणांवरून पाठवणारा ओळखायचे. तुमची आठ ते तेरा ही प्रकरणं माझ्या मते कादंबरीचा जीव आहेत. तिथे कार्लच्या हातात तिच्यावर कसलीच सत्ता नाही. तो फक्त ऐकतोय. ती कधी थकलीय, कधी घाबरलीय, कधी घाईत आहे, हे त्याला जगातल्या कुणाहीपेक्षा आधी कळतं. यातून ओढ निर्माण होते हे मी क्षणात मानते.

चौदाव्या प्रकरणात मात्र कोठडीचं दार बंद होतं, आणि किल्ली त्याच्या खिशात जाते. तुम्ही पुढची तीन प्रकरणं ती किल्ली नाहीच असं धरून लिहिलीत. आईंना ती दिसली.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. तुमच्या नायिकेच्या काळात, तिच्याच शहरात हे घडलेलं आहे. माटिल्ड कारे ही फ्रेंच बाई. 1940 मध्ये ती परिचारिका होती. रोमान चेर्नियाव्स्की या पोलिश हवाईदल अधिकाऱ्याशी तिची गाठ पडली आणि दोघांनी मिळून पॅरिसमधून ‘अँतेरालिए’ नावाचं हेरांचं जाळं चालवलं. तिला सगळे ‘ला शात’ म्हणजे मांजर म्हणत. नोव्हेंबर 1941 मध्ये आधी तो पकडला गेला, लगेच ती. पकडणारा होता हुगो ब्लायखर, जर्मन लष्करी हेरखात्याचा माणूस. हुद्दा साधा सार्जंटचा, पण फ्रेंच उत्तम, बोलणं मऊ, वागणं अदबीचं. थोड्याच अवधीत ती त्याची प्रेयसी झाली. तुमच्या सोळाव्या प्रकरणात जे आहे, तेच.

आता पुढचं पाहा. ती त्याच्यासोबत ठरलेल्या भेटीच्या जागी जायची. आपली माणसं विश्वासाने यायची आणि पकडली जायची, एकामागून एक. तिच्याच जाळ्याच्या बिनतारी यंत्रावरून जर्मन लोक लंडनला खोटे संदेश पाठवू लागले. नंतर पिएर द व्होमेकूर या लंडनच्या हेराला तिचा संशय आला. त्याच्यापुढे तिने सगळं कबूल केलं आणि जर्मनांना गुंगारा देऊन दोघं फेब्रुवारी 1942 मध्ये इंग्लंडला पोचली. तिथे तिला तुरुंगात टाकलं. युद्ध संपल्यावर फ्रान्सच्या हवाली केलं. 1949 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिला देहदंडाची शिक्षा दिली, ती पुढे कमी झाली आणि 1954 मध्ये ती सुटली. ब्लायखर? तोही जगला. त्याने आठवणींचं पुस्तक लिहिलं.

माटिल्डचं त्या माणसावर प्रेम होतं का? मला वाटतं, अटकेच्या त्या पहिल्या रात्री तिचं तिलाही हे सांगता आलं नसतं. समोरचा माणूस कोठडीत परत पाठवू शकतो, गोळी घालू शकतो किंवा मऊ अंथरूण देऊ शकतो, आणि यातलं काहीही तो हसतमुखाने करू शकतो, तेव्हा माणसाच्या आत भीती, कृतज्ञता आणि ओढ यांचा असा गोळा होतो की त्यातलं एक सूत वेगळं काढता येत नाही. मी तिला माफही करत नाही आणि तिच्यावर दगडही उचलत नाही. पण ज्यांना तिच्या शब्दावर विसंबून त्या भेटीच्या जागी जाताना पकडलं, त्यांची मला आठवण येते. तुमच्या कादंबरीत यमुनेच्या जाळ्यातली माणसं कुठे आहेत? तेराव्या प्रकरणापर्यंत दुधवाला आहे, छपाईवाला म्हातारा आहे, यंत्राची दुरुस्ती करणारा तो तोतरा पोरगा आहे. चौदाव्यापासून ते सगळे नाहीसे झाले. कार्लने ब्लँकेट आणलं त्या रात्री तो पोरगा कुठे झोपला होता? हे मला वाचताना पुनःपुन्हा वाटत राहिलं.

ब्लायखरबद्दल एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. तोही वेषांतरातच असायचा. ‘कर्नल आंरी’ असं नाव घेऊन, सार्जंटचा कर्नल होऊन, तो प्रतिकार चळवळीतल्या लोकांना भेटायचा. आपण हिटलरला कंटाळलोय, असं भासवायचा. म्हणजे हेर बाईचं नाव खोटं आणि पाठलाग करणाऱ्याचंही खोटं. तुमचा कार्ल पहिल्यापासून गणवेशात आहे, खऱ्या नावाने आहे. त्यालाही एक खोटं नाव देऊन पाहा. दोन खोटी नावं बाजाराच्या रांगेत एकमेकांशी बोलताहेत आणि दोघांनाही माहीत नाही की रात्री बिनतारी यंत्रावर पाठवणारी हीच आणि ऐकणारा हाच. हे प्रकरण मला वाचायला आवडेल.

याच ब्लायखरने एप्रिल 1943 मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी, आनसीजवळच्या सेंट-जोरिओ गावात ओडेट सँसम हिला पकडलं. तीन लहान मुलींची आई असलेली ही हेर बाई. तिच्याबरोबर पीटर चर्चिल हा अधिकारी होता. ओडेटने तिथल्या तिथे दोन खोट्या गोष्टी ठरवल्या: आपण नवरा-बायको आहोत, आणि तो पंतप्रधान चर्चिलचा नातेवाईक आहे. दोन्ही खोटं. वर तिने असंही सांगितलं की खरी सूत्रधार मी, त्याला काही माहीत नाही. ब्लायखर तिला पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात भेटायला यायचा, गोड बोलायचा. तिचा छळही झाला. तिच्या तोंडून काही निघालं नाही. पुढे रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला टाकलं, आणि 1945 मध्ये जर्मनी कोसळताना छावणीचा प्रमुख तिलाच गाडीत घालून अमेरिकनांकडे गेला, चर्चिल घराण्याच्या सुनेमुळे आपला जीव वाचेल या आशेने. त्याचा नाही वाचला, तिचा वाचला. 1947 मध्ये तिने पीटर चर्चिलशी खरोखरच लग्न केलं. ते फार वर्षं टिकलं नाही, पण त्या खोट्या वाक्याचं काही काळ खरं झालं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, मग पाठलाग करणारा आणि हेर बाई यांच्यात खरं प्रेम होतच नाही का? होतं. निदान एक उदाहरण मी देऊ शकते, आणि त्यासाठी अमेरिकेच्या यादवी युद्धात जावं लागेल.

बेल बॉइड ही दक्षिणेकडची हेर. वयाच्या अठराव्या वर्षी, मे 1862 मध्ये, फ्रंट रॉयल गावाबाहेर गोळीबार चालू असताना धावत जाऊन तिने जनरल जॅक्सनच्या सैन्याला शत्रूची खबर दिली होती. दोनदा तुरुंगात जाऊन आली. मे 1864 मध्ये ‘मिसेस लुइस’ या नावाने ती ‘ग्रेहाउंड’ जहाजातून इंग्लंडला निघाली. उत्तरेच्या नौदलाने जहाज पकडलं आणि ते बंदरात नेण्यासाठी सॅम्युअल हार्डिंज नावाचा तरुण अधिकारी त्यावर चढवला. तो तिच्या प्रेमात पडला आणि त्याच प्रवासात त्याने तिला मागणी घातली. बोस्टनला पोचल्यावर जहाजाचा पकडलेला कप्तान निसटला. ठपका हार्डिंजवर आला आणि त्याला नौदलातून काढून टाकलं. तिला देशाबाहेर घालवलं. ती लंडनला गेली, तो तिच्यामागे गेला आणि 25 ऑगस्ट 1864 रोजी तिथे त्यांचं लग्न झालं.

तारखा लावून बघा. मे महिन्यात ती त्याच्या ताब्यात होती. ऑगस्टमध्ये नव्हती. ती समुद्रापार, परक्या देशात, मोकळी. तो बिनहुद्द्याचा, बिनपगाराचा. तेव्हा ती हो म्हणून उभी राहिली. तुमच्या आईंचा प्रश्न लावला तर इथे उत्तर मिळतं. जहाजावर तिने काय म्हटलं त्यावर मी विसंबणार नाही. लंडनमध्ये म्हटलं त्यावर विसंबेन.

याही गोष्टीची फार आरती करायला नको. लग्नानंतर हार्डिंज अमेरिकेत परतला आणि तुरुंगात पडला. बेलने जानेवारी 1865 मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनला पत्र लिहिलं की नवऱ्याला सोडा, नाहीतर माझ्या आठवणी छापते. तो सुटला, आणि त्यानंतर इतिहासात त्याचा माग लागत नाही. 1866 मध्ये ती पोटासाठी इंग्लंडच्या रंगभूमीवर उभी होती. शिवाय जहाजावरच्या त्या प्रेमाचा बहुतेक तपशील आपल्याला तिच्याच पुस्तकातून मिळतो, आणि ते तिने पैशांची गरज असताना लिहिलं. आणि ती ज्या बाजूसाठी हेरगिरी करत होती, ती गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होती. तिची स्वतःची गुलाम दासी इलायझा हॉपवेल घड्याळाच्या पोकळ डबीत चिठ्ठ्या लपवून नेत असे. पकडली गेली असती तर तिला कुणी अधिकारी लग्नाची मागणी घालणार नव्हता. कधी तरी कुणी तिच्यावर लिहावं, असं मला फार वाटतं.

आता तुमची यमुना. बडोदा तुम्ही कशावरून निवडलंत हे मला कळलं. नूर इनायत खान, त्याच युद्धात इंग्रजांसाठी पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवणारी हेर. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, आणि पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा उभारली. नूरच्या कहाणीवर तुमचा जीव आहे हे पानापानावर दिसतं. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगते: नूरच्या वाट्याला जे आलं त्याच्याजवळ सतरावं प्रकरण ठेवून पाहा.

जून 1943 च्या मध्याला ती रात्रीच्या विमानातून फ्रान्समध्ये उतरली. आठवड्याभरात तिचं जाळं कोसळलं. लंडनने परत बोलावलं, ती आली नाही. सुटकेसमध्ये मावणारं जड यंत्र घेऊन, केसांचा रंग बदलत, खोल्या बदलत ती जवळजवळ चार महिने संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीने पकडली गेली. तिला पॅरिसमधल्या अव्हेन्यू फॉशवरच्या 84 क्रमांकाच्या घरात, जर्मनांच्या ठाण्यात, ठेवलं. तिथला प्रमुख हान्स कीफर. दोनदा तिने निसटायचा प्रयत्न केला, एकदा छतावरून. पुन्हा पळणार नाही असं वचन दे म्हटल्यावर तिने नकार दिला. मग कीफरने तिला जर्मनीला पाठवलं. फोर्झहाइमच्या तुरुंगात ती साखळदंडात एकटी होती, जवळपास दहा महिने. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला आणि आणखी तिघींना मारलं.

युद्धानंतर व्हेरा ॲटकिन्स या इंग्रज हेरखात्यातल्या बाई हरवलेल्या हेरांचा शोध घेत कीफरपर्यंत पोचल्या. नूरचं काय झालं ते त्यांनी त्याला सांगितलं तेव्हा तो रडला. मला त्या रडण्याचा राग येतो, आणि ते खोटं होतं असंही मला म्हणायचं नाही. खरंच रडला असेल. तिच्या धैर्याची छाप त्याच्यावर पडलीही असेल. पण तिला जर्मनीला पाठवणारा हात त्याचाच होता. तुमच्या कार्लच्या डोळ्यांत पंधराव्या प्रकरणात पाणी येतं आणि यमुना विरघळते. मी ती जागा वाचली तेव्हा मला कीफर आठवला. कार्लचे अश्रू ठेवा हवं तर, पण यमुनेला विरघळवू नका. अश्रू येऊनही किल्ली खिशातच आहे, हे तिला दिसू द्या.

म्हणून माझं सांगणं असं. कार्लने तिला सोडायचं असेल तर तिने काहीही कबूल करण्याआधी सोडावं. बदल्यात काही न मागता, ती आपल्याला पुन्हा भेटेल ही आशा न ठेवता. आणि त्याचं काहीतरी जावं. हुद्दा, जीव, घर, काहीही, पण हार्डिंजचं गेलं तसं खरोखर जावं. तुमच्या मसुद्यात तो तिला सीमेवर पोचवतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. 1943 च्या पॅरिसमध्ये हे चालत नाही. कैदी नाहीसा झाला तर चौकशी होते, पहारेकरी फुटतो, ड्रायव्हर बोलतो. ती चौकशी लिहा. त्या खोलीत कार्ल पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला बसलेला असेल, जिथे आजवर तो इतरांना बसवत आला.

आणि मग यमुनेने हो म्हणायचं की नाही, हे तिला मोकळं झाल्यावर ठरवू द्या. कदाचित ती नाही म्हणेल. तोतऱ्या पोराचं काय झालं हे कळल्यावर तिला त्या माणसाचं नावही घ्यावंसं वाटणार नाही. तरीही एखाद्या रात्री तिची बोटं टेबलावर आपोआप वाजतील, कुणीतरी ऐकतंय अशी सवय लागल्यामुळे. मला हे प्रेम खरं वाटेल.

तपशिलाच्या दोन गोष्टी, घाईघाईने. बडोद्यात वीस वर्षं वाढलेली मुलगी पॅरिसच्या पाववाल्याकडे फ्रेंच म्हणून खपणार नाही. नूर खपली कारण ती लहानपणापासून पॅरिसजवळच्या स्युरेनमध्ये वाढली. यमुनेच्या वडिलांना ती सहा-सात वर्षांची असतानाच तिकडे न्या, बडोदा तिच्या आठवणीत आणि वडिलांच्या तंबोऱ्यात राहू द्या. आणि कार्लला सरसकट ‘गेस्टापोचा मेजर’ म्हणू नका. अव्हेन्यू फॉशवरची माणसं नाझींच्या एसएस दलाच्या सुरक्षा सेवेची होती, ब्लायखर लष्करी हेरखात्याचा. या दोन खात्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. कार्ल लष्करी खात्याचा असेल आणि कैदी एसएसला हवा असेल, तर तुम्हाला कथानकाची हवी तेवढी ताण देणारी दोरी तिथेच मिळेल. शिवणकामाचा वेष मात्र उत्तम निवडलाय. फ्रान्सला जाणाऱ्या हेरांचे कपडे फ्रेंच पद्धतीने शिवलेले असावेत याची इंग्रज फार काळजी घेत, कारण नुसत्या शिवणीवरून माणूस ओळखू येई. हे शिवणकामवालीला जितकं नीट कळेल तितकं कुणाला कळणार? कार्लच्या साध्या कोटाची शिवण बघून तो फ्रेंच नाही हे यमुनेला आधी कळलं तर?

चौदा ते सतरा ही चार प्रकरणं बाजूला ठेवा, फाडू नका. तेराव्याच्या शेवटी कार्ल जिन्याखाली उभा आहे आणि वर तिचं यंत्र चालू आहे. तिथून पुन्हा सुरू करा. नवं चौदावं प्रकरण झालं की आधी आईंना वाचून दाखवा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.